दत्ता येऊन गेला, माधू

माधू, दत्ता शिंत्रे आपल्या घरी येऊन गेला. हे तुला सगळ्यात आधी सांगावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले. बाकी तुझ्याबद्दल जे सांगायचं ते पेपरवाल्यांचं सांगून झालंय. कुठे शिकलास, कुठलं पदक मिळालं, कुठल्या डोंगरात दरड कोसळली, सगळं. त्यात खोटं काही नव्हतं. पण वाचताना मला वाटायचं, हा कुणी दुसराच कॅप्टन माधव असावा. सुट्टीवर आला की दारातच बूट सोडून ठेवणारा आणि त्यांना अडखळून मी पडले की घरातून हसणारा माझा दीर त्यात कुठेच नव्हता.

तू गेल्यावर तिरुवल्लिकेणीच्या नाक्यानाक्यावर तुझे फ्लेक्स लागले. बसस्टॉपजवळच्या फ्लेक्सवर तर त्यांनी तुला चांगली जाड, पीळ दिलेली मिशी काढली होती. तू बघितला असतास तर त्याच्याखाली तसाच चेहरा करून उभा राहिला असतास आणि फोटो आख्ख्या पलटणीला पाठवला असतास. मी बसच्या खिडकीतून तो पाहिला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. हसता हसता उतरायचा स्टॉप मागे राहिला.

त्या बसनेच तर आपली खरी ओळख झाली, नाही का? मी सांगलीहून लग्न करून मद्रासला आले तेव्हा तू कॉलेजात होतास. माहेरी मला सांगितलं होतं, काळजी करू नकोस, घरात मराठीच बोलतात. बोलत होतात खरं, पण कुठलं मराठी! तुमचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले आणि त्यांच्याबरोबर आलेली भाषा तुम्ही तशीच जपून ठेवली, वर तमिळची फोडणी घातली. पहिल्याच दिवशी मी पदर खोचून स्वयंपाकघरात गेले तर आई म्हणाल्या, ‘‘उगे बैस गे.’’ आमच्याकडे रडणाऱ्या पोराला ‘उगी, उगी’ म्हणतात. मला वाटलं, मला गप्प बस म्हणाल्या. मी खोलीत जाऊन रडले. तुझे दादा बँकेत गेले होते. तू दाराबाहेर उभा राहून सांगितलंस, ‘‘वैनी, उगे बैस म्हणजे आराम कर. तुम्हांस दमल्यासारखें दिसलें म्हणून म्हणाली.’’ माझं रडू थांबलं ते त्या अर्थामुळे नाही, तू ज्या गंभीरपणे तो सांगत होतास त्यामुळे.

मग मला नुंगंबाक्कमला नोकरी लागली आणि तू मला बसने न्यायला लागलास. मी पुढच्या दाराशी, तू मागच्या. तमिळचं पहिलं वाक्य तू मला शिकवलंस, ‘इरंगणुम’. उतरायचंय. मी ते तोंडातल्या तोंडात पुटपुटायची आणि बस पुढे निघून जायची. तुला मागून ओरडून थांबवता आली असती. तू एकदाही ओरडला नाहीस. मी वैतागून मागे बघितलं की बायकांच्या डोक्यांवरून म्हणायचास, ‘‘ओरडा वैनी, नाहीतर डेपोत जेवावें लागेल.’’ एक दिवस मी अशी ओरडले की ड्रायव्हरने दचकून ब्रेक दाबला. ऑफिसच्या फाटकापर्यंत तू टाळ्या वाजवत आलास. आज मी मॅनेजरशी तमिळमध्ये भांडते, माधू. हे गाव माझं झालं ते तुझ्यामुळे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. दीर-भावजयीत असलं कुणी तोंडावर बोलतं का? पण बोलायला हवं होतं असं आता वाटतं.

तू फौजेत जायचं ठरवलंस तेव्हा आईंनी फार विरोध केला नाही, कारण त्यांना त्यातलं काही कळलंच नव्हतं. तुझी अकादमी परंगीमलैला. तिथवर आपल्या इथून बस जाते. त्यांना वाटलं, मुलगा डबा घेऊन जाईल, संध्याकाळी येईल. तुझे दादा मात्र गप्प झाले. वडील गेल्यापासून त्यांनी तुला वाढवलं होतं. ते तुझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं, तू मला म्हणालास. त्यांना भांडता येत नाही, म्हणून भांडायचं काम माझ्याकडे आलं.

आणि गंमत बघ, तुला पलटण मिळाली ती मराठी जवानांची. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगावकडची पोरं. तू पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत त्यांच्यासमोर मराठीत बोललास. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सुभेदार साहेब अदबीने म्हणाले, ‘‘साहेब, मराठी झकास आहे तुमचं. फक्त आमच्या पणजीच्या वेळचं आहे.’’ त्या रविवारी तुझा मला फोन आला, आणि मग दर रविवारी यायला लागला. मी तुला आमच्याकडचं मराठी शिकवायची. शेतातलं, जत्रेतलं, कुस्तीच्या तालमीतलं. शिव्या मी नाही शिकवल्या, त्या तुला तुझ्या जवानांनी शिकवल्या, आणि एकदा तू त्यातली एक अर्थ न समजता आईंसमोर वापरलीस. त्यांनी ती आशीर्वादासारखी ऐकून घेतली.

पहिलं पदक मिळालं त्या वेळची गोष्ट पेपरात आली तशी सगळी मी परत सांगत नाही. चौकीवर गोळीबार झाला, तुझ्या एका जवानाला उघड्यावर गोळी लागली, तू सरपटत गेलास आणि त्याला दगडाआड ओढून आणलंस. तो जगला. तू घरी आलास आणि आईंनी पदक देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. फितीवर कुंकवाचा डाग पडला. तू ओरडलास, ‘‘आई, परेडला घालायचें असतें हें!’’ त्या म्हणाल्या, घाल की. मी साबण घेऊन बसले, डाग काही निघेना. शेवटी तू तसाच घालून गेलास. तुझ्या कमांडिंग ऑफिसरने विचारलं तेव्हा म्हणालास, आईने पास केलंय.

त्याच सुट्टीत आपण सकाळी मरीनावर फिरायला गेलो होतो. तुझे दादा पुढे चालत होते. मी तुला विचारलं, भीती वाटली नाही का? तू म्हणालास, वाटली की. तुझ्या तोंडून हे ऐकून मला बरं वाटलं आणि राग पण आला. मी म्हटलं, तू साहेब ना? हाताखाली एवढी माणसं असताना स्वतः कशाला जायचं? कुणाला तरी पाठवायचं.

तू म्हणालास, ‘‘मी पाठवला असता तर तो गेला असता, वैनी. एकानेंही नाही म्हटलें नसतें. म्हणून तर पाठवतां येत नाही.’’

मी म्हटलं, हे भाषणात ठीक आहे. तुझ्या आईचं काय? तू म्हणालास, त्यांनाही आया आहेत. मी म्हटलं, त्यांच्या आयांना मी ओळखत नाही, तुझ्या आईबरोबर मी राहते. तू मला तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी घेऊन दिल्यास, म्हणजे तोंड बंद होईल असं तुला वाटलं. फोडी खाऊन झाल्यावर मी म्हटलं, मला पटलेलं नाही. तू म्हणालास, ‘‘पुढच्या सुट्टींत पटवतों.’’

पुढच्या सुट्टीत पटवलं नाहीस, त्याच्या पुढच्या सुट्टीतही नाही. तो वाद आपण लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता. फोन ठेवताना तू विचारायचास, पटलें का? मी म्हणायची, अजून नाही. हेच आपलं ‘ठेवते’ आणि ‘ठेवतो’ होतं.

आणि मग ती सकाळ. आई भेंडी चिरत होत्या, मी ऑफिसला निघायच्या गडबडीत. जिन्यावर पावलं वाजली. दारात वर्दीतले दोन अधिकारी आणि त्यांच्याबरोबर एक बाई. मी काही विचारायच्या आत ते दोघं वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. आईंनी ते बघितलं आणि विळी बाजूला सारली. त्यांना तेवढ्यावरच कळलं. मला वाक्य पूर्ण ऐकूनसुद्धा कळलं नव्हतं.

तुझा निरोप मोठा झाला. आपल्या गल्लीत फौजेची गाडी शिरेना, तेव्हा जवानांनी तुला खांद्यावरून आणलं. समोरच्या मॅन्शनमधली, म्हणजे लॉजवर भाड्याच्या खोल्यांत एकटी राहणारी सगळी पोरं, जी एरवी एकमेकांची नावंही विचारत नाहीत, ती हाताला हात लावून दोन्ही बाजूंना उभी राहिली, गर्दी आत येऊ नये म्हणून. मशिदीकडच्या गल्लीतून कुणी पाण्याची पिंपं आणून ठेवली. लोक तुझ्या नावाने घोषणा देत होते. तुझे दादा गच्चीच्या कठड्याला धरून उभे होते. ते मला इतकंच म्हणाले, ‘‘मी त्याला कधी शाबास म्हटलें नाही.’’ मी म्हटलं, त्याला माहीत होतं. ते मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. तू मला दर पोस्टिंगला विचारायचास, दादानें नकाशा काढून बघितला का? ते बघायचे, आणि मी तुला सांगायची.

त्यानंतर आई घराबाहेर पडल्या नाहीत. रोज सकाळी देवळात जाणारी बाई, जिना उतरेना. रडल्याही नाहीत फारशा. स्वयंपाक करायच्या, जेवायच्या, बाल्कनीत बसायच्या. तुझं मरणोत्तर पदक घ्यायला दिल्लीला यावं लागेल असा निरोप आला तेव्हा म्हणाल्या, श्रीनिवास जाईल, थोरला भाऊ आहे. आणि मी काय करत होते? मी तुझ्याशी भांडत होते. भाजी चिरताना, बसमध्ये, ऑफिसच्या जिन्यात. बघ, मी सांगत नव्हते? पाठवायचं होतंस कुणाला तरी. वाद मी जिंकले होते आणि ऐकायला तू नव्हतास.

अशा दिवसांत दत्ता आला.

पोंगल होऊन गेला होता. दुपारची वेळ, मी घरूनच काम करत होते. बेल वाजली. दारात एक तरुण, काखेत कुबड्या, पाठीला मोठी सॅक. मला वाटलं, पार्सलवाला, आणि मनात आलं, अशा पायाने ह्याला जिने का चढवतात! मी तमिळमध्ये विचारलं, काय आहे? तो गोंधळला. मग म्हणाला, ‘‘तुम्ही वैनी का?’’

तो तुझ्यासारखंच ‘वैनी’ म्हणाला, माधू. तो म्हणाला, मी दत्ता शिंत्रे, आजऱ्याकडचा. साहेबांनी मला काढलं.

नाव आम्हाला माहीत होतं. तू ज्याला शेवटी बाहेर काढलंस तो दत्ता. इस्पितळात त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापला हेही कळलं होतं. तो असा येईल असं मात्र वाटलं नव्हतं. घरी खोटंच सांगून निघाला होता, इस्पितळात दाखवायला जातो म्हणून. पुण्याला जायचं सोडून मद्रासच्या गाडीत बसला.

मी त्याला आत घेतलं तेव्हा आई बाल्कनीतून आत येत होत्या. त्या त्याला बघून काय म्हणतील, मला अंदाज नव्हता. त्या काही न म्हणता परत फिरल्या तरी तो पोरगा तिथेच कोसळेल असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तो खुर्चीवर बसायला तयार नव्हता आणि खाली बसणं त्याला जमत नव्हतं. तसाच भिंतीला टेकून उभा.

आईंनी त्याला वरून खाली पाहिलं. कापलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘कोठून आलास रे? जेवलास कां?’’

दत्ता रडायला लागला. तोंडावर हात घेऊन, खांदे हलवत. मी पाणी आणलं. जरा सावरल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, साहेब असंच बोलायचे. अगदी असंच. रानात गस्त घालताना आवाज झाला की साहेब हळूच ‘उगे’ म्हणायचे. आम्हाला हसू यायचं, आमच्या आया आम्हाला असं म्हणायच्या. आता आख्खी पलटण गस्तीवर ‘उगे’ म्हणते, नवीन आलेल्या पोरांनासुद्धा तेच शिकवलंय.

आईंनी त्याला खुर्चीत बसवलं, समोर स्टूल ठेवून पान वाढलं. भात आणि आंबट वरण. सांबाराला तुमच्या घरात हेच नाव आहे, हे त्याला आधीच ठाऊक होतं. तू सांगितलं होतंस म्हणे, पावसात बसून, डबाबंद जेवण जेवताना. त्याने एक घास घेतला आणि हात थांबवला. म्हणाला, आधी सांगतो, मग जेवीन.

मग त्याने सांगितलं. तिकडे सलग पाऊस लागला होता. सकाळी चहाच्या वेळी डोंगर बंकरवर आला. काही जण बाहेर होते, काही आत. तू बाहेर होतास. तुम्ही हातांनी, फावड्यांनी, मिळेल त्याने उकरून एकेकाला काढलंत. जखमींना घेऊन सगळ्यांना खाली जायला सांगितलंस, कारण वरून अजून दगड येत होते. दत्ता राहिला होता. त्याच्या पायावर छपराची तुळई आणि तिच्यावर शिळा. तू पहार घेऊन त्याच्यापाशी राहिलास.

तो सांगत होता, तू त्याला झोपू दिलं नाहीस. डोळे मिटले की हाक मारायचास आणि शब्द विचारायचास. नांगराच्या मुठीला तुमच्याकडे काय म्हणतात? भाताच्या रोपाला? पेंढ्यांच्या ढिगाला? तो चिडून उत्तर द्यायचा. एकदा तर त्याने शिवी दिली आणि तू म्हणालास, ही मला येते, दुसरी सांग. हे सांगताना दत्ता हसला, आणि आई पण किंचित हसल्या. मी ते पाहिलं.

अखेर तुळई हलली. तुझा हुकूम मोडून दोन जवान परत वर आले होते. तू दत्ताला दोराने बांधून त्यांच्याकडे सरकवलंस. तू अजून आत, ढिगाऱ्यातच होतास. ते त्याला ओढत असताना डोंगर दुसऱ्यांदा आला.

दत्ता म्हणाला, मी त्यांना म्हटलं होतं, साहेब, तुम्ही जावा. पण मी गप्प बसलो नाही. दुखत होतं म्हणून ओरडत राहिलो. सगळे खाली निघाले होते, साहेब पण निघाले असते. मी ओरडलो म्हणून थांबले. मी गप पडलो असतो तर मेला समजून गेले असते. आई, मला माफी द्या, ती घ्यायलाच आलोय. त्याशिवाय मला काही करवत न्हाई. पाय बनवून दिलाय, तो सॅकमध्ये आहे, लावावासा वाटत न्हाई.

आई उठल्या, त्याच्याजवळ गेल्या. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही की मिठीत घेतलं नाही, त्यांना तसलं जमत नाही हे तुला माहीत आहे. त्यांनी त्याच्या पानातला भात कालवून मऊ केला, लहान पोराला करतात तसा. आणि मग बोलल्या.

‘‘दुखल्यावर माणूस ओरडतो. ओरडलास म्हणून त्याला कळलें, तूं जिवंत आहेस. गप्प राहिला असतास आणि मागाहून त्याला कळलें असतें, तर त्यानें जन्मभर काय केलें असतें?’’

त्यांनी पान त्याच्याकडे सरकवलं.

‘‘वांचलास. वांचण्याची माफी कोण मागतो? माझ्या लेकानें त्याचें काम पुरें केलें. आतां तो पाय काढ त्या पिशवींतून.’’

दत्ता जेवला. मग पाय लावला. आईंनी समोर बसून, कुठला पट्टा कुठे बसतो ते सगळं विचारून घेतलं.

तो आमच्याकडे राहिला. आम्ही त्याच्या घरी फोन करून सांगितलं, तिकडे आई-बाप रडले आणि मग इतकी बोलणी बसली की त्याने फोन कानापासून लांब धरला. त्याला चालायची सवय करायची होती. जिना उतरताना त्याला धरायला कुणी तरी हवं, तुझे दादा बँकेत, मी कामात. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आई चपला घालून दारात उभ्या. म्हणाल्या, मी जातें ह्याच्याबरोबर. किती महिन्यांनी त्या जिना उतरल्या ते मी मोजलेलं नाही. रोज सकाळी ती जोडी मरीनाच्या फरसबंदीवरून चालायची. आईंचे गुडघे दुखणारे, त्याचा पाय नवा, त्यामुळे वेग बरोबर जुळायचा. वाटेत तो त्यांना तुझ्या गोष्टी सांगायचा, त्या त्याला तुझ्या लहानपणच्या. येताना दोघं देवळात जायची. फुलवाल्या बाईने विचारलं, हा कोण? आई म्हणाल्या, माधूच्या पलटणीतला.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी दत्ताला माझा प्रश्न विचारला. गच्चीवर कपडे काढत होते, तो कठड्याला टेकून उभा होता. मी विचारलं, दत्ता, समजा साहेब खाली थांबले असते आणि तुला म्हणाले असते, जा, वर एक जण अडकलाय, त्याला घेऊन ये, तर गेला असतास?

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूर्य उगवतो का असं विचारलं. ‘‘व्हय की, वैनी. लगेच.’’

तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं, की तू मला पटवायला कुठलंही मोठं तत्त्व सांगत नव्हतास. तू तुझ्या माणसांना ओळखत होतास, इतकंच. तू पाठवलं असतंस तर दत्ता, किंवा दत्तासारखा दुसरा, लगेच गेला असता. मग आजऱ्याला एखाद्या घरात कुणी विळी बाजूला सारली असती. ज्या आईला मी ओळखत नाही असं म्हणाले होते, तिच्याशी मी आता फोनवर बोलते. तिने मला काजूची भाजी कशी करतात ते सांगितलं. तिचा आवाज ऐकला की तुझ्यावरचा राग धरून ठेवणं मला जड जातं.

पण खोटं बोलणार नाही. मला तू हवा होतास. अजूनही सकाळी पेपर उघडताना एक क्षण मला वाटतं, हे सगळं दुसऱ्या कुणाच्या घरात घडलंय. तुझं म्हणणं खरं होतं हे मान्य. पटलं का असं विचारशील तर, जरा जरा पटायला लागलंय. तेवढं चालवून घे.

आता शेवटची बातमी, आणि ही चांगली आहे. दत्ताला पलटणीच्या केंद्रात काम मिळालंय, नवीन भरती झालेल्या पोरांना सामानाची निगा शिकवायचं. आणि त्याचं लग्न ठरलं. मुलगी त्यांच्याच तालुक्यातली, सुरेखा, नर्सिंग केलेली. दरडीच्या आधीच बोलणी झाली होती. पाय गेल्यावर ह्यानेच निरोप पाठवला होता, दुसरीकडे बघा म्हणून. तिने बघितलं नव्हतं. इथून गेल्यावर तो स्वतः चालत तिच्या दारात गेला.

तुझे दादा रजा टाकतायत. आपण सगळेच जाणार. दिल्लीचंही ठरलं, पदक घ्यायला आई स्वतः येणार आहेत. पण त्यांना घाई लग्नाची. काल त्या मला म्हणाल्या, टी. नगरला जाऊं चल, साड्यांच्या दुकानांत.

सणाचा दिवस नव्हता तरी ती गर्दी. ऑटोवाला निम्म्या वाटेवर उतरवून निघून गेला. मला भीती वाटत होती, त्यांना धक्के लागतील, पण आईच माझा हात धरून मला पुढे नेत होत्या. दुकानात गादीवर बसल्या आणि एकामागून एक साड्या उलगडायला लावल्या. ही फिकट, ही काठ लहान, ही म्हाताऱ्या बायकांची. सुरेखाचा रंग कसा आहे ते त्यांनी फोटोत नीट बघून ठेवलं होतं. दाखवणारी मुलगी हसतमुख होती. तिने तमिळमध्ये विचारलं, कुणासाठी घेताय, आजी?

आई म्हणाल्या, ‘‘मरुमगळुक्कु.’’ सुनेसाठी.

त्या मुलीने माझ्याकडे बघितलं, आणि एक आंबा रंगाची साडी माझ्या खांद्यावर टाकून बघायला लागली. मला वाटलं, त्यांच्या तोंडून चुकून निघून गेलं असावं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, मी काय म्हणते याची वाट बघत.

मी साडी खांद्यावरून काढून परत तिच्या हातात दिली आणि तमिळमध्येच सांगितलं, ‘‘मी थोरली सून. ही धाकटीसाठी आहे.’’

आईंनी मान हलवली, आणि जरा याहून उठावदार काही असेल तर काढायला सांगितलं.